पेवातला आवाज

दरवर्षी डिसेंबरात कॉलेजची पोरं मला बोलवायला येतात. एकांकिका स्पर्धा असते, तिच्यात 'रामकिसन स्मृती करंडक' देतात, आणि तो माझ्याच हातानं द्यायचा असा रिवाज पडलाय. पोरं पाया पडतात, म्हणतात, "सर, तुम्ही त्यांचे जिवलग. तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही." मी म्हणतो, येतो बाबांनो. शाल घेतो, नारळ घेतो, दोन शब्द बोलतो. घरी आलो की शाल कपाटात कोंबतो. आता कपाटाचं दार लागत नाही.

एकदा तरी कुणी विचारावं, कडूबा, तू स्वतः काय केलंस रे. चाळीस वर्षांत कुणाच्या तोंडून हा सवाल निघाला नाही. मग आज मीच सांगतो. ऐकायचं तर ऐका, नसेल ऐकायचं तर वाट मोकळी आहे.

माझं नाव कडूबा. आमच्याकडं आधीची लेकरं जगत नसली की असं नाव ठेवतात. कडू जिन्नस मरण तोंडात घेत नाही म्हणे. माझ्या आधीची तिघं गेली, मी राहिलो. गाव सोयगाव तालुक्यात. गावच्या सोंगांत मी लहानपणापासून असायचो, म्हातारी माणसं म्हणायची, पोरात काहीतरी आहे. तेच खरं धरून मी शिकायला औरंगाबादला आलो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. आलो आणि नाटकाच्या नादी लागलो.

रामकिसन छावणीतला. बाप मिलिटरीच्या मेसमध्ये आचारी होता, तो लवकर वारला. आई मनकर्णाबाई पोरांचे डबे करायची. ती माहेरानं आमच्याच तालुक्यातली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, "माझ्या माहेरचं लेकरू हायेस तू. हितं रोज जेवायचं, आन् लाजायचं नाय." चार वर्षं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल, लपवलं.

राम्याला नाटकात मी आणला. दिसायला बरा होता, पण बोलायला लागला की वाक्य अर्ध्यात गिळायचा. श्वास कुठं घ्यायचा, कुठं थांबायचं, समोरच्याकडं कधी बघायचं, हे मी त्याला छावणीच्या मैदानात उभं करून शिकवलं. सहा महिने घासला. मग स्पर्धा झाली. त्याला अभिनयाचं पहिलं, मला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे काय ठाऊक आहे का? पंगतीत वाढून उरलेलं शेजारच्याला देतात, ते.

आणि तो काय करतो? स्टेजवरून उतरतो, सगळ्यांच्या देखत आपलं पदक माझ्या गळ्यात घालतो आणि म्हणतो, "हे तुझंय कडू. मला बोलायला तूच शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. थोबाडीत मारली असती तर मी परत मारली असती, मिटलं असतं. चांगल्या माणसाचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढं दोन वर्षं हेच. पहिलं त्याला, खालचं मला. मला माझा राग यायचा, मग त्याचा यायचा, मग मनकर्णाबाईची भाकरी घशाखाली उतरेना. तरी रोज जायचो. जाणार कुठं?

पंच्याऐंशी साली मुंबईहून मालशे नावाचे डायरेक्टर आले. मराठी सिनेमा काढायचा होता, पण नाचगाण्याचा नाही, माणसाच्या डोक्यात शिरणारा. दोन मित्र, मोहन आणि वसंत. वसंत मोहनवर जळतो. मारत नाही त्याला, वेडा करतो. त्याच्या वस्तू जागच्या हलवतो, नसलेल्या बाईची पत्रं त्याला पाठवतो आणि वरून म्हणतो, मित्रा, तुला भास होतायत. शेवटी त्याला विहिरीत सोडून निघून जातो. सिनेमाचं नाव मी घेणार नाही. माझ्या तोंडून ते निघत नाही.

मालशे स्पर्धा बघायला आले आणि त्यांनी आम्हा दोघांना निवडलं. मी दोन दिवसांत दोन्ही भूमिका पाठ केल्या. गेलो आणि म्हणालो, "सर, मला मोहन द्या."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाले, "मोहन रामकिसन करेल. तू वसंत कर. तुझ्या चेहऱ्यावर ते आहेच, वेगळं काही करायला नको."

वर म्हणाले, "आणि कडूबा हे नाव पोस्टरवर बरं दिसणार नाही. के. सोयगावकर लिहू."

गिळलं. कारण वसंतच्या वाट्याला एक गोष्ट होती. सिनेमाच्या शेवटी वसंत एकटाच बसून सगळं कबूल करतो. तीन पानं. मध्ये कुणी नाही, फक्त कॅमेरा आणि तो. ती तीन पानं मी पहाटे मैदानात म्हणायचो. म्हणता म्हणता मला रडू यायचं. वाटायचं, मोहन घे बाबा तू, पदकं घे, पोस्टर घे. ही तीन पानं पडद्यावर लागली की लोकांना कळेल, खरा नट कोण.

विहिरीऐवजी पेव घ्या, हेही मीच सुचवलं. आता पेव कुणी बघितलेलं नाही. जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, आत ऐसपैस, वर तोंड एवढं लहान की एकच माणूस उतरेल. त्यात ज्वारी भरून तोंड बुजवायचं, वर्षानुवर्षं राहते. आमच्या भावकीतल्या पुंजारामतात्यांच्या शेतात एक होतं, रझाकारांच्या वेळी धान्य लपवायला खोदलेलं. बहात्तरच्या दुष्काळात उघडलं, परत कुणी हात लावला नव्हता. मालशे ते ऐकून खूश झाले. म्हणाले, "यापेक्षा काळोख कुठं मिळणार?"

वीस दिवस औरंगपुऱ्यात आणि छावणीत शूटिंग झालं. मी जीव तोडून काम केलं. मोहनच्या उशाखालचा फोटो वसंत हळूच फाडतो आणि मग त्यालाच शोधायला मदत करतो, हे माझ्या डोक्यातून आलं. मालशे म्हणायचे, "तुला हे सुचतं कसं रे?" मी हसायचो.

सोयगावला निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बोलवून घेतलं. चहा दिला. म्हणाले, "शेवटची तीन पानं काढतोय."

मी म्हणालो, "का?"

"मोहन पेवातून वेडा होऊन बाहेर येतो, तिथंच सिनेमा संपतो. रामकिसनचा चेहरा बघितलास का तू पडद्यावर? तो बघितल्यावर तुझं बोलणं कोण ऐकत बसेल?" वाईट बोलत नव्हते ते. भाव सांगावा तसं सांगत होते. "पुढच्या सिनेमातही मी त्याला घेतोय. तुझ्यासाठी बघू काहीतरी."

बाहेर राम्या उभा होता. त्याला आधीच ठाऊक होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी सरांना सांगितलंय कडू, त्याची पानं ठेवा म्हणून. परत सांगतो. तू मनाला लावून घेऊ नको."

म्हणजे माझ्या तीन पानांसाठी याने भीक मागायची आणि मी ती पदरात घ्यायची. त्या क्षणी मला त्याचा जो तिरस्कार वाटला, तसा जन्मात कुणाचा वाटला नाही. मी म्हणालो, "नाय रे, मला काय त्याचं." आणि एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मोहन पेवातून बाहेर आलाच नाही, तर शेवट कुणालातरी बोलावा लागणार. तो मीच बोलणार.

निघताना मनकर्णाबाईनं दशम्या बांधून दिल्या. पेवाचं नाव ऐकल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तिचा एक चुलता पेवात गेलेला. बंद पेवात वाईट वाफ साठते, ती दिसत नाही, तिला वास नाही, माणूस दोन श्वासांत आडवा होतो. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुंबईच्या माणसांना माहीत नव्हतं आणि छावणीत वाढलेल्या राम्यालाही नाही. तिनं त्याला समोर बसवून सांगितलं, "माणसाच्या आधी कंदील उतरतो. जळत राह्यला तर माणूस उतरंल. आन् माणूस आत हाय तवर कंदील आतच राहतो. माणूस वर आल्याबिगर कंदील वर येत नाय. ध्यानात ठेव."

मग माझ्याकडं वळली. "त्याला काय कळतंय. तू शेतकऱ्याचं पोरगं हायेस कडूबा. तू बघशील ना?"

मी म्हणालो, "मावशी, मी हाय की."

पुंजारामतात्यांनी आदल्या दिवशी पेवाचं तोंड उघडून ठेवलं होतं. मला एकट्याला म्हणाले, "आज आन् उद्या वारं खेळू दे. परवा उतरा. उतरायच्या आधी कंदील सोड. इझला तर कुणाला जवळ येऊ देऊ नको." आणि ते लेकीकडं लग्नाला गेले. शूटिंग दुसऱ्याच दिवशी होतं. परवा उतरा हे मी मालशेंना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा पेवावर गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. कंदील पेटवला, दोरीनं आत सोडला. माणूसभर गेला आणि ज्योत आखडली. हातभर आणखी सोडला, विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला.

वर ओढून बाजूला ठेवला. मला आठवतं, मी शांत होतो. परत आलो आणि सगळ्यांबरोबर पोहे खाल्ले.

पोलिसांना आणि स्वतःलाही मी पुष्कळ दिवस सांगत आलो की मला वाटलं, चक्कर येईल, दवाखान्यात जाईल, आठ-पंधरा दिवस शूटिंग थांबेल, तोवर मालशेंचं मन वळेल. खोटं आहे ते. मनकर्णाबाईच्या चुलत्याची गोष्ट मी ऐकली होती. माझ्या गावात दोन सख्खे भाऊ एकामागं एक असे गेले होते, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि त्यांना वर काढताना बघायला उभा होतो. मला ठाऊक होतं.

अकराच्या सुमाराला शॉट लागला. कॅमेरा पेवाच्या तोंडाशी. शॉट असा: मोहन शिडीवरून खाली उतरतो, कारण वसंतनं सांगितलंय की आत एक पेटी आहे. तो तळाला पोचला की वसंत शिडी वर ओढतो. मोहन आतून ओरडतो. वसंत ऐकत उभा राहतो. मालशेंनी तंबी दिली होती, मी कट म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही.

कंदील माझ्या पायाशी पडला होता, दोरीसकट. कॅमेरावाला म्हणाला, तो उचला. मालशेंनी बघितलं आणि म्हणाले, "असू दे, छान दिसतोय."

असू दे म्हणाले, आणि मीही असू दिला. माझी चूक ती.

राम्याचं वाक्य होतं, "आत काही नसेल ना रे?" ते तो बोलला नाही. शिडीवर दोन पायऱ्या उतरला, थांबला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कंदील सोडला होतास ना रे?"

कॅमेरा चालू होता. मालशेंनी थांबवलं नाही.

मी म्हणालो, "सोडला होता. जळत होता. उतर."

तो हसला. मला त्याचे दात दिसले. आणि उतरला.

खाली पाय टेकल्याचा आवाज आला. शिडी हलकी झाली. ठरल्याप्रमाणं मी ती दोन्ही हातांनी वर ओढली. आतून खोकल्याचा आवाज आला. मग तो ओरडला, "कडूबा." वसंता म्हणायला हवं होतं. मालशेंनी माझ्यासमोर कपाळाला हात लावला, पण हातानंच खूण केली, चालू ठेवा, डबिंगमध्ये बघू. "कडूबा, शिडी." मग आणखी एकदा, अगदी हळू, "कडू, ओढ ना." मग काहीतरी पडलं.

मी ऐकत उभा राहिलो. तसंच ठरलं होतं. वीसेक माणसं सभोवती उभी होती आणि सगळी तोंडाला हात लावून त्याचं काम बघत होती. मेकअपवाल्या फहमिदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मालशेंनी बराच वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "कट. वा रामकिसन, वा."

आतून उत्तर आलं नाही.

दोन पोरं शिडी घेऊन उतरायला धावली. त्यांना मीच आडवा झालो. ओरडलो, "उतरू नका, वाफ आहे." मग पाणी ओतलं, लिंबाचे डहाळे हलवून वारा घातला, गळ टाकून त्याच्या सदऱ्यात अडकवला. वर यायला पाऊण तास लागला. त्या दोन पोरांचे प्राण मी वाचवले असं पेपरात छापून आलं. ते कात्रण अजून आहे माझ्याकडं.

फौजदारानं विचारलं, "कंदील सोडला होता का?"

"सकाळी सोडला होता साहेब. चांगला जळत होता. ऊन चढलं, मग वाफ भरली असेल."

पुंजारामतात्या लग्नातून धावत आले. म्हणाले, "मी ह्याला परवा उतरा म्हनलो होतो."

मी म्हणालो, "तात्या, तुम्ही उद्या म्हणालात. आठवून बघा."

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. शेवटी म्हणाला, "म्हनलो असंल बाबा. वय झालं." फौजदारानं तसं लिहून घेतलं. तात्यांनी ते पेव स्वतःच्या हातानं दगडांनी भरलं आणि मरेपर्यंत गावात कुणाच्या ओट्यावर बसले नाहीत. कुणी काही बोलायचं नाही त्यांना. त्यांचे तेच जायचे नाहीत.

मनकर्णाबाई रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "तू व्हतास ना तिथं. तू कंदील बघितला ना." मी मान हलवली. ती म्हणाली, "मग त्याचं नशीबच." तेरावा झाला त्या दिवशी पहिलं पान तिनं मला वाढलं.

महिन्यानं मालशेंचं पत्र आलं. मी मुंबईला गेलो तो तीन पानं घोकत. गाडीत सगळा वेळ घोकत होतो. मोहन बाहेर आलाच नव्हता, आता बोलायला मीच उरलो होतो.

मालशे म्हणाले, "सिनेमा पेवावर संपवलाय. तो आत ओरडतो, तू उभा आहेस, आवाज बंद होतो, काळोख. त्यानंतर बोलणं नको."

"आणि ती पानं?"

"कुठली पानं?" त्यांच्या ध्यानातही नव्हती. "तुला डबिंगसाठी बोलावलंय. तुझं कर. आणि एक काम आहे. रामकिसनचा आवाज तुला काढता येतो असं ऐकलंय. त्याचंही तूच कर."

तेव्हा शूटिंगच्या वेळचा आवाज सिनेमात घेत नसत. तो नुसता खुणेपुरता असायचा. नटानं बंद खोलीत कानाला हेडफोनचे भोंगे लावायचे, समोर पडद्यावर आपलं चित्र बघायचं, कानात तो कच्चा आवाज ऐकायचा आणि त्यावर ओठ जुळवून पुन्हा बोलायचं. राम्याला बोलायला मीच शिकवलं होतं. त्याचा आवाज माझ्याइतका कुणाला येणार?

आधी माझं वाक्य झालं. "सोडला होता. जळत होता. उतर." पडद्यावर माझे ओठ हलायचे आणि त्यावर मी तेच परत बोलायचो. जुळेना. चौदा वेळा म्हणायला लावलं. मालशे काचेपलीकडून म्हणायचे, "तिथं जसं म्हणालास तसं म्हण ना. तिथं किती सहज होतास."

मग पेवातलं. कानात राम्या खोकत होता, आणि मी खोकायचो. तो म्हणायचा "कडूबा", आणि मी त्याच्या आवाजात म्हणायचो "वसंता". तो म्हणायचा "कडू, ओढ ना", मी म्हणायचो "वसंता, ओढ ना". दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी मी असा ओरडलो की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला भोंगे काढून बाहेर गेला. मालशे आत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या कामाला मिठी मारली होती. मग कानाशी म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही हं. लोकांना त्याचाच आवाज वाटला पाहिजे. त्यातच सगळी जादू आहे." मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आवाज माझा म्हटलं तर कच्चा आवाज कुठाय, असं कुणीतरी विचारणार. चोराच्या मनात चांदणं.

सिनेमा लागला. पेपरांनी डोक्यावर घेतला. लिहिलं की मरण इतकं खरं पडद्यावर कधी आलं नव्हतं, त्या शेवटच्या हाका ऐकून थिएटरात बायका रडल्या. मुंबईच्या एका संस्थेनं रामकिसनला मरणोत्तर बक्षीस दिलं, आणि त्यात मुद्दाम लिहिलं, आवाजासाठी. ते बक्षीस आईच्या वतीनं मी घेतलं. के. सोयगावकर बरे आहेत, असंही एकानं लिहिलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत.

मनकर्णाबाई सिनेमा बघायला तयार नव्हती. दीड-दोन महिने नाही म्हणत राहिली. मग एका दुपारी स्वतःच म्हणाली, "चल, मला ने. त्याला एकदा हलताबोलता बघते." शेजारच्या जोहरा खाला तिला म्हणाल्या, मत जाव बहेन, सहन नाही होणार. ती गेली. मी शेजारी बसलो. सबंध सिनेमाभर ती पदराचा बोळा हातात धरून बघत होती, मोहन हसला की हसत होती. पेवाचा सीन आला. मी डोळे मिटले. डबिंगमध्ये पुष्कळ बघितला होता.

बाहेर आलो. घरी आल्यावर तिनं पाणी दिलं, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कंदील वर का व्हता रं?"

मी म्हणालो, "मावशी, तो सिनेमातला कंदील. शोभेला ठेवला होता."

"तो सिनेमातला. मंग पेवातला कुठं व्हता?"

माणूस आत तर कंदील आत. थिएटरं भरभरून लोकांनी तो सीन बघितला, फौजदारानं बघितला, पेपरवाल्यांनी बघितला. पायाशी विझलेला कंदील कुणालाच दिसला नव्हता.

ती म्हणाली, "आन् वरडत व्हतं ते माझं लेकरू नव्हतं. त्यो तुझा आवाज व्हता. चार वर्सं दारातून हाका मारल्या तू मला, मी वळखत नाय व्हय?" मग जरा पुढं सरकली. "त्याचा खरा आवाज तू ऐकला असशील. काय म्हनला त्यो? एवढं सांग. मला दुसरं काही नको."

तेवढं मी तिला देऊ शकत होतो. तिच्या चार वर्षांच्या भाकरीसाठी एवढं तरी द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "काही नाही म्हणाला. लगेच पडला."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "तुझंच नाव घेतलं असंल. त्याला दुसरं व्हतं कोण."

मला वाटलं आता पोलिसांत जाईल, गल्ली गोळा करील, निदान शिव्या तरी घालील. मी त्यासाठी तयार झालो होतो. तिनं तसलं काही केलं नाही. उठली, चूल पेटवली, भाकरी थापली, माझ्यासमोर ताट ठेवलं. मी खाल्लं नाही तोवर हलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या मायनं नाव बराबर ठेवलं. तुला मरण तोंडात घेणार नाय बाबा. लई जगशील तू. माझ्या रामकिसनाचं नाव घेत जगशील."

करंडक तिनंच सुरू केला. बक्षिसाची रक्कम कॉलेजला दिली आणि एकच अट घातली, करंडक दरवर्षी कडूबानंच द्यायचा. मास्तर लोकांना वाटलं, काय माया आहे म्हातारीची. ती जगली तोवर दरवर्षी पहिल्या रांगेत येऊन बसायची आणि मी बोलत असताना माझ्याकडं बघायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली. मी अजून जातोच. मला सर्दीपडसंसुद्धा होत नाही.

यंदाही गेलो होतो. पोरांनी मोठा पडदा लावला होता, म्हणाली, सर, तुम्हाला सरप्राइज. दिवे घालवले आणि तो सीन लावला. हॉलमध्ये सगळीकडून आवाज येत होता. वरून मी म्हणत होतो उतर, आणि आतून मीच ओरडत होतो, ओढ ना. पोरं श्वास रोखून ऐकत होती. संपलं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या मी माझ्यासाठी कधी ऐकल्या नाहीत, आणि त्या माझ्याच होत्या.

शेजारी बसलेली पोरगी डोळे पुसत म्हणाली, "सर, काय आवाज होता हो रामकिसन सरांचा. असा नट परत होणार नाही."

मी म्हणालो, "खरंय, बाळा."

मग माझं नाव पुकारलं. उठलो आणि त्याच्या नावाचा करंडक देऊन आलो.